भाषण ऐकून आलेला माणूस

औदुंबर नावाचा एक साधा मुलगा एका देशभक्ताचं भाषण ऐकतो. देशभक्तांचं नाव जटाशंकर, विषय राष्ट्र आणि ब्रह्मचर्य. भाषण त्याला असं काही लागतं की तो हौसेने जमवलेली नट्यांची चित्रं फेकून देतो, जोरदार व्यायाम सुरू करतो आणि आचार्य चंडीराम यांच्या संस्थेत दाखल होतो. मग किशोरी नावाची मुलगी येते आणि प्रतिज्ञेचं जे व्हायचं ते होतं. १९३८ सालच्या 'ब्रह्मचारी'ची ही गोष्ट. दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखक प्र. के. अत्रे, कंपनी कोल्हापूरची हंस पिक्चर्स.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो तुकड्यातुकड्यांत, फोनवर, लोकलमध्ये. मी उलव्याला राहतो आणि ऐरोलीला नोकरी करतो. खारकोपरला गाडी पकडायची, नेरूळला बदलायची. प्रिंट धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखी, इयरफोनमध्ये खरखर. चित्रं फेकण्याचा प्रसंग आला तेव्हा मी मोठ्याने हसलो, शेजारच्या काकांनी वळून पाहिलं. पुढच्या मिनिटाला हसू आटलं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये एका रात्री मी फोनमधून इन्स्टाग्राम, दोन वेब सिरीजची ॲप्स आणि एका मुलीबरोबरचं अख्खं चॅट एका बैठकीत उडवलं होतं. कारण मी एक भाषण ऐकलं होतं.

त्या रात्रीकडे नंतर येतो. आधी या सिनेमांबद्दल.

'ब्रह्मचारी' एकटा नाही. विनायकांनी साधारण पाच-सहा वर्षांत अशा विनोदी सिनेमांची रांगच लावली. 'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर' १९३७चे, 'ब्रह्मचारी' १९३८चा, 'ब्रँडीची बाटली' १९३९चा. हे चारही अत्र्यांनी लिहिलेले. मग चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणणारा 'लग्न पहावे करून' १९४०चा आणि त्याच जोडगोळीचा 'सरकारी पाहुणे' १९४२चा. पहिला मराठी बोलपट, प्रभातचा 'अयोध्येचा राजा', आला १९३२ला. म्हणजे मराठी सिनेमाला वाचा फुटून पाच वर्षं होतात न होतात तोच तो समाजाची टिंगल करायला लागला होता.

आपल्याला हे माहीत नसतं. जुना मराठी सिनेमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रभातची तुतारी येते, 'संत तुकाराम' येतो, व्हेनिसच्या महोत्सवातला गौरव येतो, म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं जे काही असतं ते सगळं येतं. आणि मराठी विनोदी सिनेमा म्हटलं की आपण थेट १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'वर उतरतो, कारण त्याचे मीम्स अजून फिरतात. मधली पन्नास वर्षं रिकामी. त्यातल्या पहिल्या टोकाला ही मंडळी उभी आहेत.

एक कबुली देऊन टाकतो. कुणालाच माहीत नसलेले जुने सिनेमे आवडतात असं म्हणण्यात मिरवण्याचा भाग भरपूर असतो. मी या वाटेला लागलो तोही तसाच. ऑफिसात सगळे एकाच सिरीजबद्दल बोलत असताना आपण १९३२च्या 'मिलियन डॉलर लेग्ज'चं नाव टाकावं, कुणी भुवई उंचावली की खूश व्हावं. त्या सिनेमात क्लॉपस्टोकिया नावाचा एक दिवाळखोर देश आहे. तिथल्या सगळ्या पुरुषांचं नाव जॉर्ज, सगळ्या बायकांचं अँजेला. राष्ट्राध्यक्ष कोण राहणार हे पंजा लढवून ठरतं. तिजोरी रिकामी आहे, पण प्रजा एकजात धडधाकट, म्हणून देशाची अब्रू वाचवायला सगळे लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला निघतात. बंडल आहे, पण भन्नाट बंडल आहे. त्याच्या पुढच्या वर्षी मार्क्स बंधूंचा 'डक सूप' आला. त्यात एका देशाची सत्ता एका वाह्यात माणसाच्या हातात जाते आणि तो टिवल्याबावल्या करत देशाला युद्धात ढकलतो.

मिरवून झाल्यावर काय उरतं, हा खरा प्रश्न. इंग्रजी सिनेमांपाशी मी हसलो आणि पुढे गेलो. क्लॉपस्टोकिया कितीही मजेशीर असला तरी तिथे माझं कुणी राहत नाही. औदुंबरपाशी मात्र मी अडकलो. का अडकलो, ते शोधताना या सिनेमांबद्दल मला एक गोष्ट सुचली आणि हा लेख तिच्यासाठीच आहे. मला वाटतं, हे सिनेमे भाषण करणाऱ्यांची चेष्टा करतात असं आपल्याला वरवर वाटतं. त्यांचा खरा विषय आहे भाषण ऐकून घरी आलेला माणूस.

हे बोलपटाशिवाय जमलं नसतं. मूकपटात वक्ता दाखवता येतो. हात वर, मूठ आवळलेली, समोर टाळ्या. पण त्याचं बोलणं पडद्यावरच्या दोन ओळींच्या पाटीवर येतं आणि दोन ओळींनी कुणाचं आयुष्य बदलत नाही. बोलण्याची नशा ही आवाजाची नशा असते: लय, थांबणं, चढत जाणं, शेवटी ठोकलेला शब्द. ती नशा सिनेमात दाखवायची तर सिनेमाला आवाज हवा.

चॅप्लिनला हे बरोबर कळलं होतं. १९३१चा 'सिटी लाइट्स' बोलपटांच्या जमान्यात हट्टाने मुका ठेवलेला सिनेमा आहे. पण त्याची सुरुवातच एका पुतळ्याच्या अनावरणाने होते, आणि तिथे प्रतिष्ठित पाहुणे भाषणाला उभे राहिले की त्यांच्या तोंडून नुसता पिपाणीसारखा चिरका आवाज येतो. शब्द एकही नाही, तरी भाषण कसलं आहे ते आपल्याला तंतोतंत समजतं. १९४०च्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये त्याने हाच खेळ मोठा केला. हुकूमशहा खोट्या जर्मनमध्ये गुरगुरतो, खोकतो, किंचाळतो. चॅप्लिनची रीत अशी: भाषणातून अर्थ काढून घ्यायचा, मग वक्ता आपोआप उघडा पडतो. आणि गंमत पाहा, त्याच सिनेमाच्या शेवटी चॅप्लिन स्वतः कॅमेऱ्याकडे तोंड करून माणुसकीवर लांबलचक भाषण देतो. भाषणाच्या मोहातून तोही सुटला नाही.

अत्र्यांची रीत उलटी आहे. ते शब्द काढून घेत नाहीत, शब्द पूर्ण ऐकू देतात. आणि मग कथा वक्त्याला मंचावरच सोडून श्रोत्याच्या मागे त्याच्या खोलीत जाते. जटाशंकरांचं काम भाषण संपलं की संपतं. औदुंबरचं काम तिथून सुरू होतं.

अत्र्यांना हे का जमलं असावं? एक तर त्यांचा कान. १९२५ला त्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुलं' काढली, समकालीन कवींची विडंबनं. विडंबन करायचं तर समोरच्याची लकब आधी स्वतःच्या तोंडात बसवावी लागते. दुसरं म्हणजे ते स्वतः हाडाचे वक्ते. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या सभांना माणसं लोटायची. समोरच्या हजार लोकांना आपण काय करू शकतो हे आतून माहीत असलेल्या माणसाने हा सिनेमा लिहिला आहे. आचाऱ्याने अपचनावर लिहावं तसं. आणि विनायकांनी काय केलं? दिग्दर्शक स्वतःच औदुंबर झाला. 'अयोध्येचा राजा'त ते नारद होते, पहिल्या मराठी बोलपटात इकडचं तिकडे सांगत फिरणारे. सहा वर्षांनी त्याच माणसाने सांगणाऱ्याची जागा सोडून ऐकणाऱ्याची घेतली. हसं कुणाचं करायचं हे ठरवायचा अधिकार असताना त्यांनी स्वतःला पुढे केलं, म्हणून औदुंबर वेडपट वाटतो तरी त्याचा राग येत नाही.

आता त्या काळाकडे बघा. १९३०च्या दशकातला महाराष्ट्र म्हणजे शरीराबद्दलच्या सल्ल्यांचा बाजार होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते. त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. क्लॉपस्टोकियासारखाच विचार, फक्त इथे तो गंभीर होता: शरीर कमावलं की देश कमावला. स्वयंसेवकांची पथकं वेगवेगळ्या रंगांच्या राजकारणात उभी राहत होती. गांधीजींनी १९०६लाच ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं आणि त्याबद्दल ते मोकळेपणाने लिहीत होते. दुसऱ्या टोकाला मुंबईत र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, संततिनियमन आणि लैंगिक प्रश्नांवर लिहीत होते, आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले भरून घेत होते. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

म्हणजे तरुण मुलाच्या शरीराचं काय करायचं यावर सगळ्यांकडे मत होतं. अत्र्यांनी १९३३लाच 'साष्टांग नमस्कार' या नाटकात सूर्यनमस्काराच्या वेडाची खिल्ली उडवून झाली होती. 'ब्रह्मचारी'त ते एक पाऊल पुढे गेले. तिथे वेड एका माणसाचं राहत नाही, त्याला संस्था मिळते, आचार्य मिळतात, दिनक्रम मिळतो.

'ब्रँडीची बाटली'त हीच युक्ती आणखी धारदार आहे. बॉम्बे प्रांतात १९३७ला काँग्रेसचं सरकार आलं आणि १ ऑगस्ट १९३९ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. सिनेमा त्याच वर्षीचा. बगाराम हा म्युनिसिपालिटीतला भित्रा, पापभीरू नोकर. तो मालतीच्या प्रेमात आहे. तिच्या भावाच्या औषधासाठी ब्रँडी हवी असते आणि ती आणायचं काम बगारामच्या गळ्यात पडतं. अडचण एवढीच की ब्रँडी म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही.

ही कल्पना मला फार मोठी वाटते. ज्या वस्तूवरून सगळं शहर भांडतंय, जिच्या बाजूने आणि विरुद्ध भाषणं चालली आहेत, ती वस्तू नेमकी काय हेच ठाऊक नसलेला माणूस तिच्या शोधात निघतो. दामुअण्णा मालवणकरांनी बगाराम केलाय. त्यांचा तिरळा डोळा हे त्यांचं भांडवल होतं. एक डोळा तुमच्याकडे आणि एक भलतीकडेच बघतोय, असा माणूस रस्त्यावर ब्रँडीची चौकशी करत हिंडतो तेव्हा दारूबंदीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही त्याच्यासमोर सारखेच हास्यास्पद दिसायला लागतात. कारण दोघांनाही शब्द माहीत आहे आणि शब्द माहीत असणं म्हणजे सगळं माहीत असणं असं त्यांना वाटतं.

माझ्या धंद्यात या प्रकारच्या विनोदाची रोज गाठ पडते. कंप्यूटर तुम्हाला काय म्हणायचंय ते करत नाही, तुम्ही जे म्हणालात ते करतो. प्रोग्रॅममधली निम्मी भानगड तिथेच असते. औदुंबर आणि बगाराम हे असे दोन आज्ञाधारक जीव आहेत. समाज त्यांना मोठमोठ्या आज्ञा देतो आणि ते बिचारे त्या शब्दशः चालवतात. बाकीचे लोक टाळ्या वाजवून घरी जातात, जेवतात, झोपतात. भाषण ऐकून ते पाळायचं नसतं ही सभ्य समाजातली अलिखित तडजोड आहे. ती ज्याला कुणी सांगितलेली नाही, तो या सिनेमांचा नायक. आज्ञेत गडबड आहे हे कळतं ते त्याने ती पाळून दाखवल्यावर.

'लग्न पहावे करून'मधला चिमणराव याच घराण्यातला. दामुअण्णांनीच तो केला आणि विष्णुपंत जोगांनी गुंड्याभाऊ. चिमणराव रीतभात पाळणारा, प्रत्येक गोष्ट जगाच्या नियमाने करायला जाणारा आणि त्यातच हमखास अडकणारा. पुढे १९७०च्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा उभी केली. आई-बाबांच्या पिढीला आठवतो तो हा चिमणराव. गोड, घरगुती, निरुपद्रवी. औदुंबर आणि बगाराममधला डंख तिथवर पोचेतो बराच बोथट झाला होता. म्हणून मूळ सिनेमांकडे जावंसं वाटतं.

आता २०२०ची रात्र. पहिली नोकरी, वर्क फ्रॉम होम, उलव्यातला भाड्याचा फ्लॅट. दोघेही फ्लॅटमेट गावी गेलेले. खिडकीतून विमानतळासाठी सपाट केलेली जमीन दिसायची, आणि रात्री इतकी शांतता की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. अशा एका रात्री मी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ ऐकला. नव्वद दिवस, थंड पाणी, पहाटे साडेचार, मोह बंद, मुलींशी बोलणं बंद. वक्ता चांगला होता. लय, थांबणं, चढत जाणं, सगळं होतं. मी उठलो आणि फोन साफ केला. तिला शेवटचा मेसेज पाठवला की सध्या मला कुठलंही डिस्ट्रॅक्शन नकोय. तिचं उत्तर आलं, "मी डिस्ट्रॅक्शन आहे?" मी ते वाचलं आणि चॅट उडवलं.

मग मी त्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर गेलो. आणि इंजिनिअर असल्यामुळे मी नुसता सदस्य राहिलो नाही. मी त्यांच्यासाठी बॉट लिहिला. रोज पहाटे तो प्रत्येकाला विचारायचा: उठलास का, थंड पाणी घेतलंस का, नियम मोडला का. 'हो' असं उत्तर आलं की तो आकडा शून्यावर आणायचा आणि 'दिवस ० पासून पुन्हा सुरुवात कर' असं लिहायचा. एका रात्री दोन वाजता एका मुलाने, बोलण्यावरून बारावीतला असावा, त्या बॉटला लांबलचक माफी लिहून पाठवली. घरच्यांबद्दल, अभ्यासाबद्दल, आपण किती घाणेरडे आहोत याबद्दल. बॉटला त्यातला एकच शब्द कळला आणि त्याने एका सेकंदात उत्तर दिलं: दिवस ० पासून पुन्हा सुरुवात कर. सकाळी लॉग बघताना मला ते दिसलं. माझा एक्केचाळिसावा दिवस होता. मी बॉट बंद केला आणि ग्रुप सोडला. त्या मुलाला मात्र काही लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचलं नाही.

'ब्रह्मचारी' बघताना मला आधी वाटलं की मी औदुंबर आहे. मग लक्षात आलं, काही दिवस मी चंडीरामांच्या संस्थेत कामालाही होतो.

म्हणून मला या सिनेमाच्या हसण्याची जात महत्त्वाची वाटते. आज अशा मुलांची टिंगल करणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते बघून मुलगा आणखी घट्ट होतो, कारण जग आपल्यावर हसणार हे त्याच्या वक्त्याने त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. 'ब्रह्मचारी' तसा हसत नाही. तो औदुंबरला हरू देतो आणि हरणं हीच त्याची सुटका ठरते. नियम मोडल्यावर आकडा शून्यावर जात नाही, तो मोजायचाच राहून जातो.

पण सिनेमाची बाजू पूर्ण घेता येत नाही. पहिली अडचण किशोरी. मीनाक्षी शिरोडकरांनी ती केली आणि पोहण्याच्या पोशाखातल्या त्यांच्या गाण्याने तेव्हा खळबळ उडवली. सिनेमा लक्षात राहिला तो त्या गाण्यामुळे; आजही 'ब्रह्मचारी' शोधा, पहिल्यांदा ते गाणं येतं. यात एक मजेदार गोष्ट घडली आहे. नट्यांची चित्रं फेकून देणाऱ्या मुलाची टिंगल करणारा सिनेमा, आणि प्रेक्षकांनी त्यातून जपून काय ठेवलं, तर नटीचं चित्र. जटाशंकरांना हे कळलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, मी सांगत होतो ना? सिनेमा या प्रश्नाला उत्तर देत नाही. व्रताच्या विरुद्ध बाजूला तो मोह ठेवतो. व्रतवाले मुलीला मोह म्हणतात, सिनेमाही तिला मोहाच्याच जागी उभी करतो, फक्त मोह चांगला असतो असं म्हणतो. तिच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीकडे ती दुसऱ्या कुणाच्या प्रतिज्ञेची परीक्षाच.

तरी मीनाक्षींचं काम लेखनाच्या पुढे जातं असं मला वाटतं. या सगळ्या गोंधळात आपल्याला काय हवंय ते माहीत असलेली किशोरी ही एकटीच. तिला कुणाचं भाषण ऐकून यावं लागलेलं नाही. तिच्या हालचालीत जी सहजता आहे तिच्यासमोर व्यायामाने पिळदार व्हायला निघालेला औदुंबर अवघडलेला दिसतो, आणि सिनेमाचा मुद्दा कुठल्याही संवादापेक्षा तिथे जास्त पोचतो. "मी डिस्ट्रॅक्शन आहे?" हा प्रश्न किशोरीच्या तोंडी असता तर हा सिनेमा आणखी मोठा झाला असता. तो प्रश्न मला विचारणाऱ्या मुलीची मी पुढे माफी मागितली, पण फार उशिरा. तिने 'ठीक आहे' एवढंच लिहिलं. तेवढंही लिहायची तिला गरज नव्हती.

दुसरी अडचण या सिनेमांच्या जगाची. कारकून, विद्यार्थी, आचार्य, पुढारी, एवढ्यातच ते फिरतात. दारूबंदीचा सगळ्यात थेट संबंध ज्यांच्याशी जोडला जात होता तो मुंबईचा गिरणी कामगार 'ब्रँडीची बाटली'च्या मध्यभागी नाही. दारू म्हणजे काय हे माहीत नसण्याची चैन बगारामसारख्या पांढरपेशालाच परवडते. विनोदाची धार इथे एका वर्गाच्या अंगणात फिरून परत येते. तिसरी अडचण साधी आहे: हे सिनेमे आज संथ वाटतात. गाण्यांसाठी कथा वाट बघत उभी राहते. १.५ पटीने बघण्याचा मोह होईल. करू नका. विनोद बोलण्याच्या लयीत आहे, लय बिघडली की नुसता आरडाओरडा उरतो.

आणि घाई करा, असंही सांगेन. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. २००३च्या जानेवारीत पुण्यात, जिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता आणि आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या जुन्या फिती मोठ्या संख्येने गेल्या. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' तर आज कुणालाच बघता येत नाही. आपल्या फोनवर जे खरखरत का होईना पोचतंय, ते वाचलेलं आहे. मास्टर विनायक १९४७च्या ऑगस्टमध्ये गेले, चाळिशी ओलांडता ओलांडता. अत्र्यांना पुढे 'श्यामची आई'साठी पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि शाळेत आपल्याला ते तेवढेच भेटतात, अश्रूंच्या बाजूचे. हसण्याच्या बाजूचे अत्रे आपले आपण शोधावे लागतात.

गेल्या महिन्यात मी 'ब्रह्मचारी' पुन्हा पाहिला, या वेळी लॅपटॉप टीव्हीला जोडून, फ्लॅटमेटबरोबर. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. पहाटे साडेचारला उठतो, बादलीत बर्फ टाकून अंघोळ करतो, आणि त्याच्या फोनच्या वॉलपेपरवर एक आकडा असतो जो रोज एकने वाढतो. मी त्याला काहीच समजावलं नव्हतं. माझ्या बोलण्याने काही होणार नाही, आणि झालं तर ते आणखी एक भाषण होईल. औदुंबरने चित्रं फेकली तेव्हा तो हसला. व्यायाम सुरू झाला तेव्हा आणखी हसला. मग जरा गप्प झाला आणि म्हणाला, "याने फोटो फेकायच्या आधी एकदा शेवटचं बघून घेतलं असणार." आम्ही दोघंही बराच वेळ हसत राहिलो.

साडेनऊ वाजता तो उठला. अर्धा सिनेमा बाकी होता. "साडेचारचा अलार्म आहे," म्हणाला, आणि दार लावता लावता थांबून विचारलं, "पुढे किशोरी येते ना?"

येते म्हटलं.

"मग उद्या बघू. माझ्याशिवाय पुढे नेऊ नकोस."